बत्तीस चौरस किलोमीटरांचा जिल्हा
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भूगोलाच्या शिक्षकाला व्याख्यानाला उभे केले की तो पृथ्वीगोल हातात घेऊन येणार, अशी श्रोत्यांना धास्ती असते. मी आज पृथ्वीगोल आणलेला नाही. आणला असता तरी उपयोग झाला नसता; कारण ज्या प्रदेशाविषयी मी बोलणार आहे तो त्या गोलावर दिसतच नाही. भिंतीवरच्या मोठ्या नकाशातही केरळच्या डावीकडे निळ्या रंगात शाईचे चार शिंतोडे उडावेत तसा तो दिसतो. पाठ्यपुस्तकात त्याला एक ओळ मिळते : "लक्षद्वीप – भारतातील सर्वांत लहान केंद्रशासित प्रदेश, राजधानी कवरत्ती." विद्यार्थी ती ओळ पाठ करतात, एक गुण मिळवतात आणि विसरतात. माझे म्हणणे असे की, त्या एका ओळीत आपल्या समाजाने, विशेषतः मुलींच्या पालकांनी, थांबून पाहावे असे पुष्कळ आहे.

प्रथम आकडे घेऊ आणि त्यांतून मोकळे होऊ. हा सारा केंद्रशासित प्रदेश म्हणजे एकच जिल्हा आहे. त्याची एकूण जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर. आपला रत्नागिरी जिल्हा ८,२०८ चौरस किलोमीटरांचा. म्हणजे एका रत्नागिरीत अडीचशे लक्षद्वीप मावतील. लहानमोठी ३६ बेटे मोजली जात आली आहेत, त्यांतील वस्तीची अवघी दहा : कवरत्ती, अगत्ती, अमिनी, कडमत, किल्तान, चेतलाट, बित्रा, अंद्रोत, कल्पेनी आणि मिनिकॉय. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ भरली. एकट्या बित्रा बेटावर २७१ माणसे. आपल्याकडे एखाद्या लग्नाला याहून जास्त माणसे जेवून जातात. शेकडा शहाण्णवांहून अधिक वस्ती मुसलमानांची. केरळच्या किनाऱ्यापासून अंतर २२० ते ४४० किलोमीटर.

आता ही जमीन झाली कशी, ते पाहा. ती डोंगराची नव्हे, नदीच्या गाळाचीही नव्हे. पोवळ्याचा किडा हा टाचणीच्या डोक्याएवढा प्राणी. तो समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन आपल्याभोवती घर बांधतो आणि मरतो. त्याच्या घरावर दुसरा घर बांधतो. हजारो वर्षे हे काम चालते. समुद्रात बुडालेल्या पर्वताच्या माथ्याभोवती या चुन्याचे कडे तयार होते. भूगोलात त्याला कंकणद्वीप म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो. कारण वरून पाहिल्यास खरोखरच पाण्यात बांगडी पडल्यासारखी दिसते. बांगडीच्या आत उथळ, शांत, हिरवट पाणी. ते खारकच्छ. बांगडीबाहेर एकदम अथांग समुद्र. बांगडीच्या बहुधा पूर्वेकडच्या काठावर पोवळ्याचा चुरा आणि वाळू साचून जी पट्टी वर आली, तेच बेट. तिची उंची बहुतेक ठिकाणी समुद्रापासून एक-दोन मीटर. टेकडी नाही, ओढा नाही, नदी नाही. अंद्रोत हे सर्वांत मोठे बेट, पण त्याला खारकच्छाचे संरक्षण नाही. तेथे समुद्र थेट दारात येतो.

नदी नाही, तर मग माणसे पितात काय? विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न परीक्षेत कोणी विचारत नाही, पण त्या बेटाचे सगळे जीवन या एका प्रश्नावर उभे आहे. पावसाचे पाणी वाळूतून खाली झिरपते. खाली समुद्राचे खारे पाणी असतेच. गोडे पाणी वजनाला हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. दुधावर साय तरंगते तसे. विहीर खणली की ही साय हाताला लागते. भरती आली की विहिरीतले पाणी वर चढते, ओहोटीला खाली जाते. बादलीने हवे तेवढेच काढले तर वर्षभर पुरते. पंप लावून उपसले तर साय फाटते आणि खालचे खारे पाणी वर येते. एकाने हाव केली की शेजाऱ्याची विहीरही बिघडते. अशा ठिकाणी शेजारधर्म हा केवळ पुस्तकात वाचण्याचा विषय राहत नाही.

२००५ साली कवरत्तीला यावर एक नवा उपाय झाला. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना उभारला. त्याची युक्ती शाळेच्या विज्ञानात बसणारी आहे. समुद्राच्या पृष्ठभागावरचे पाणी कोमट, सुमारे २८ अंश. साडेतीनशे मीटर खोलीवरचे पाणी थंड, सुमारे १२-१३ अंश. कोमट पाणी बंद टाकीत घालून टाकीतील हवेचा दाब कमी केला की ते न तापवताच वाफ होऊ लागते; ती वाफ खोलवरून आणलेल्या थंड पाण्याच्या नळ्यांवर पकडली की गोडे पाणी! दिवसाला एक लाख लिटर. पुढे २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे कारखाने झाले. कंकणद्वीपाच्या काठाशीच समुद्र एकदम खोल होतो, म्हणून एवढे थंड पाणी किनाऱ्याजवळ मिळते. ज्या रचनेने नदी नाकारली तिनेच ही सोय दिली, असे म्हणता येईल.

पिकाच्या बाबतीत एकच नाव : नारळ. कोकणातल्या माणसाला नारळाचे कौतुक सांगणे म्हणजे कोळ्याला मासळी दाखवणे, म्हणून थोडक्यात सांगतो. तेथे सोडण खारकच्छाच्या वाळूत पुरून ठेवीत, कुजल्यावर स्त्रिया ते कुटून काथ्या वळीत, आणि हा काथ्या किनाऱ्यावर देऊन त्याच्या बदल्यात तांदूळ आणीत. तांदूळ बेटावर पिकतच नाही. म्हणजे घरातल्या भाताचा घास बाईच्या हातच्या दोरीवर अवलंबून. कण्णूरच्या अरक्कल घराण्याची या बेटांवर सत्ता होती, त्या काळात काथ्याच्या व्यापाराचा मक्ता त्यांनी आपल्याकडे घेतला. तो जाच असह्य होऊन अठराव्या शतकाच्या अखेरीस अमिनी भागातील लोकांनी टिपू सुलतानाचा आश्रय घेतला. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर तो भाग इंग्रजांकडे गेला. बाकीची बेटे विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्णपणे इंग्रजांच्या ताब्यात आली. मधल्या काळात, एप्रिल १८४७ मध्ये, कल्पेनी आणि अंद्रोतवर भयंकर वादळ झाले. त्याने कल्पेनीच्या किनाऱ्यावर पोवळ्याच्या दगडांचा जो बांध फेकला तो आजही दिसतो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ तेथून गेले, तेव्हा कल्पेनी आणि मिनिकॉयला पुन्हा मोठा फटका बसला. एक-दोन मीटर उंचीच्या जमिनीवर राहणाऱ्यांना वादळ म्हणजे काय, ते आपण डोंगराच्या आधाराने राहणाऱ्यांनी फक्त कल्पनेने जाणावे.

काथ्या नेणारी जहाजे शिडाची. ती चालवणाऱ्या जाणत्याला तेथे 'मालमी' म्हणतात. आपल्याकडे जुन्या खलाशांच्या तोंडी 'मालीम' हा शब्द होता, तोच हा. मूळ अरबी शब्द 'मुअल्लिम', म्हणजे शिक्षक. दर्यावर वाट दाखवणाऱ्यालाही आणि मदरशात अलिफ-बे शिकवणाऱ्यालाही आपल्या पूर्वजांनी एकच नाव दिले. शिक्षक म्हणून मला याचा थोडा अभिमान वाटतो, तेवढा आपण माफ कराल.

मिनिकॉय हे बेट बाकीच्यांहून वेगळे. ते दक्षिणेला दूर, मालदीवच्या जवळ. बाकी बेटांवर मलयाळमची एक बोली चालते, तर मिनिकॉयला महल ही मालदीवची भाषा. तिची लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. तेथील पुरुष पिढ्यान्पिढ्या मोठ्या व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून जगभर फिरले. कोकणातील आपल्या कित्येक घरांची हीच कहाणी आहे, म्हणून हे बेट आपल्याला परके वाटू नये. गावाचा कारभार पाहायला एक पुरुष प्रमुख असतो आणि त्याच्या बरोबरीने एक स्त्री प्रमुख. त्यांना अनुक्रमे 'बोडुकाका' आणि 'बोडुथाथा' म्हणतात. पुरुष दर्यावर, तर गाव चालवणार कोण, याचे हे साधे उत्तर. येथील मासेमारीही पाहण्यासारखी. जाळे टाकून सरसकट मासे ओढीत नाहीत. खारकच्छात पकडलेली जिवंत लहान मासळी समुद्रात फेकतात, पाणी शिंपडून लाटेचा भास करतात, आणि गळाच्या काठीने एकेक कुप्पा उचलून होडीत टाकतात. तो उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात. ते 'मास'. ते महिनोन्महिने टिकते.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा विषय घेतला त्याकडे येतो. पालकांनी येथे जरा जास्त लक्ष द्यावे.

परंपरा सांगते की हजरत उबेदुल्ला हे मदिनेहून निघाले, त्यांचे जहाज फुटले आणि ते या बेटांवर पोहोचले. त्यांच्याकरवी हिजरीच्या पहिल्या शतकातच येथे इस्लाम आला. त्यांची कबर अंद्रोतच्या जामे मशिदीत आहे. लोक पाच वक्तांचे नमाजी, मशिदी गल्लोगल्ली. आणि याच लोकांत घराणे आईकडून चालते. घराला 'तरवाड' म्हणतात. मुलगी लग्नानंतरही आपल्या आईच्याच घरी राहते. जुन्या रिवाजात नवरा दिवसा आपल्या आईच्या घरी कामकाज करी आणि रात्री बायकोच्या घरी जाई. मुले आईच्या घराण्याची. मालमत्तेचे दोन प्रकार, आणि त्यांची नावे मोठी गमतीची : 'वेळ्ळियाळ्चा' म्हणजे शुक्रवारची आणि 'तिंगळाळ्चा' म्हणजे सोमवारची. शुक्रवारची मालमत्ता तरवाडची, सर्वांची सामाईक. ती आईच्या वंशात राहते. सोमवारची मालमत्ता माणसाने स्वतः कमावलेली. तिची वाटणी शरियतप्रमाणे होते. एकाच घरात, एकाच नारळाच्या बागेत दोन्ही कायदे नांदत आले.

या व्यवस्थेचा शास्त्रीय अभ्यास लीला दुबे या समाजशास्त्रज्ञ विदुषीने केला आणि 'मॅट्रिलिनी अँड इस्लाम' हे त्यांचे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले. कल्पेनी बेट हा त्याचा आधार. लीलाबाई मूळच्या मराठी घरातल्या, हे सांगायला मला आनंद वाटतो. अलीकडे तरवाडांच्या वाटण्या होत आहेत आणि नवरा-बायको-मुले असे वेगळे संसारही वाढले आहेत. ही पद्धत आपण उचलावी असे मी सुचवीत नाही. आपले रिवाज आपल्याजवळ. मी एवढेच विचारतो : जेव्हा आपल्यातला कोणी ठासून सांगतो की मुलीने घरात अमुक इतकेच बोलावे आणि अमुक इयत्तेपर्यंतच शिकावे हा दीनचा हुकूम आहे, तेव्हा तो दीनचा हुकूम सांगत असतो की आपल्या मोहल्ल्याचा रिवाज? शतकानुशतके कलमा पढणाऱ्या या बेटांवर घराचा खांब बाई आहे, हे त्याला ठाऊक असते काय?

बेटांवर सारे आलबेल होते असे मात्र कोणी समजू नये. तेथेही उच्चनीच होते. जमीनदार ते कोया, दर्यावर्दी ते मालमी, आणि झाडावर चढणारे, मजुरी करणारे ते मेलाच्चेरी. एका सफेत उभे राहणारे लोक रोटीबेटीला वेगळे. कुळांना जमिनीवर हक्क देणारा कायदा १९६५ मध्ये झाला, आणि शाळांनी उरलेले काम हळूहळू चालवले.

शाळांचा हिशेब डोळे उघडणारा आहे. १९५१ साली तेथे शंभरांत सुमारे १५ माणसांना लिहिता-वाचता येत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी केंद्रशासित प्रदेश झाला. कचेरी तेव्हा बेटांवर नसून कोळिकोडला होती, ती १९६४ मध्ये कवरत्तीला आली. लक्षद्वीप हे नाव १९७३ मध्ये मिळाले. २०११ साली साक्षरता ९१.८५ टक्के. स्त्रियांची जवळजवळ ८८ टक्के. साठ वर्षांत, एका आजीच्या हयातीत, हे झाले. मुलींना शाळेत घालणे निषिद्ध समजले जात होते त्या काळात पहिले पाऊल टाकले ते कल्पेनीने. त्या बेटांतून रहमत बेगम या डॉक्टर झाल्या, तेथील पहिल्या स्त्री डॉक्टर. त्यांना पद्मश्री मिळाली. अंद्रोतचे पी. एम. सईद १९६७ साली, वयाच्या पंचविशीत, लोकसभेवर निवडून गेले, लागोपाठ दहा वेळा निवडून आले आणि १९९८ पासून २००४ पर्यंत लोकसभेचे उपाध्यक्ष होते. त्यांनी कायद्याचे शिक्षण आपल्या मुंबईत घेतले.

एक नाव घेताना मला, बी.एड. झालेल्या माणसाला, थोडे अवघडल्यासारखे होते. मिनिकॉयचे अली माणिकफान, जन्म १९३८. वडिलांनी कण्णूरला शिकायला ठेवले. ते शाळा अर्धवट सोडून घरी परतले. पुढे स्वतःच्या हिमतीने अनेक भाषा शिकले, मासळीचा एवढा अभ्यास केला की एका माशाच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आले. टिम सेव्हरीन या प्रवाशाला सिंदबादच्या वाटेने ओमानहून चीनला जायचे होते. त्यासाठी एक खिळा न ठोकता, काथ्याने फळ्या शिवून जे जहाज बांधले ते माणिकफान यांच्या देखरेखीखाली. १९८०-८१ मध्ये ते जहाज चीनला पोहोचले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मुलांनो, शाळा सोडण्यासाठी हे उदाहरण घरी सांगू नका. माणिकफानांनी शाळा सोडली, अभ्यास सोडला नाही. आपल्याकडे बहुधा उलटे होते, शाळा चालू राहते आणि अभ्यास सुटतो.

भाषांविषयीही एक गोष्ट. आमच्याकडे पालक येतात आणि म्हणतात, "सर, घरी कोकणी, मदरशात उर्दू-अरबी, शाळेत मराठी, वर इंग्रजी. पोराने किती भाषांचे ओझे घ्यायचे?" मिनिकॉयच्या मुलाचे ओझे मोजा : घरी महल, दीनी तालीमीत अरबी, शाळेत मलयाळम आणि इंग्रजी, शिवाय हिंदी. लिप्याही पाच, त्यांतल्या दोन उजवीकडून लिहायच्या. ते मूल वाकलेले दिसत नाही.

आणि अंतर? दहावी झाली की आपल्याकडे हिशेब सुरू होतो. कॉलेज खाडीपलीकडे, एस.टी. संध्याकाळी उशिरा येते, मुलीला पाठवायची कशी? ही काळजी खोटी नाही. मी ती हसण्यावारी नेत नाही. परंतु बेटावरच्या बापाची काळजी ऐका. कवरत्ती, कडमत, अंद्रोत येथे पदवीची काही सोय झाली आहे. डॉक्टरी, इंजिनिअरिंग किंवा वरचे शिक्षण हवे तर मुख्य भूमीवर जायचे. विमान फक्त अगत्तीला, तेही १९८८ पासून. बाकी सर्वांना बोट. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीचा भरवसा नाही. मूल एकदा गेले की सुट्टीपर्यंत त्याचे तोंड दिसायचे नाही. तरीही मुली जातात. लग्नानंतरही ती आपल्याच घरी राहणार, शिकून आलेली मुलगी घराचाच आधार होणार, हा हिशेब तेथील आईला सरळ दिसतो. आपल्याकडे "शिकवून परक्याच्या घरी द्यायची" असे म्हणतात. माझ्या मते आपल्या अडचणीचे खरे मूळ एस.टी.त नसून या एका वाक्यात आहे.

२०२१ साली बेटांच्या जमिनीसंबंधी आणि कारभारासंबंधी नवे मसुदे निघाले, तेव्हा लोकांत मोठी चिंता पसरली. त्या वादाच्या राजकारणात मी येथे शिरत नाही. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. ७ जून २०२१ रोजी बेटांवरच्या लोकांनी आपापल्या घरी बारा तासांचा उपवास करून नापसंती दाखवली, आणि शिकलेल्या तरुण-तरुणींनी कायद्याची कलमे वाचून आपले म्हणणे लेखी मांडले. काथ्याच्या मक्त्याविरुद्ध टिपूकडे धावणाऱ्यांचेच हे वंशज. त्यांना आता दुसऱ्या कोणाकडून अर्ज लिहून घ्यावा लागला नाही.

पोवळ्यांची प्रकृती मात्र ठीक नाही. समुद्र तापला की पोवळे पांढरे पडून मरते; १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हे तेथे मोठ्या प्रमाणावर झाले. पोवळे मेले तर कडे खचेल, कडे खचले तर लाट थेट वस्तीवर येईल आणि विहिरीतली ती गोड्या पाण्याची साय टिकणार नाही. यावर जो अभ्यास होईल त्यात बेटांवरची मुले असतीलच. भूगोल आणि जीवशास्त्र घेणाऱ्या आपल्या मुलांनाही तेथे जागा आहे.

बहुतेक बेटांवर मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. ती पोवळ्याच्या कड्याबाहेर उभी राहते. मुलगी आपली ट्रंक घेऊन लहान होडीत बसते, होडी खारकच्छ ओलांडून बाहेर येते आणि बोटीच्या कुशीला लागते. होडी लाटेवर वर-खाली होत असते. ती वर आली की त्या क्षणी बोटीच्या दारात पाय टाकायचा. खलाशी हात देतो. मग चौदा ते वीस तासांनी कोची.

लक्षद्वीपचा मोठा नकाशा भूगोलाच्या खोलीत लावून ठेवला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी चहानंतर यावे. खुदा हाफिज.